‘रिस्ट्रिक्ट’ची एक्केचाळीस कार्डं

“माझ्यावर चोरीचा आळ आलाय,” खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. “आणि चोरीला गेलाय एक इंग्रजी शब्द.”

धनसिंगने हातातला चहाचा कप खाली ठेवला. एकोणतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला चोरीचे प्रकार काही नवे नव्हते. पाकिटं गेलेली, पोती गेलेली, कोंबड्या गेलेल्या त्याने पाहिल्या होत्या. शब्द गेल्याचं मात्र तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. आपण नीट ऐकलं ना, हे ताडून घ्यायला त्याने दिपमालाताईंकडे पाहिलं.

दिपमाला सोनवणे यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. वीस वर्षं कोर्टात कागदपत्रं तपासून मग धुळ्यात स्वतःची तपासाची कचेरी थाटलेली ही बाई. धनसिंग निवृत्तीनंतर त्यांची गाडी चालवायचा, साक्षीदारांना बोलतं करायचा आणि प्रत्येक प्रकरणात ताईंच्या आधी गुन्हेगार शोधून काढायचा. त्याचा गुन्हेगार आजवर एकदाही खरा निघाला नव्हता, पण त्याचा उत्साह काही कमी झाला नव्हता.

“बसा आणि सावकाश सांगा,” दिपमाला म्हणाल्या.

तिचं नाव सबीहा. वय चौतिशीचं, जळगावच्या एका शाळेत इंग्रजीची शिक्षिका. तिचे गुरू अमीनसर बावीस वर्षं एक कोश लिहीत होते. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी क्रियापदं नुसती पाठ न होता वापरता यावीत, म्हणून. एकेका शब्दाचे अर्थ, तो कुठे चालतो, कुठे अडतो, सगळं हाताने लिहिलेल्या कार्डांवर. गेली सहा वर्षं सबीहा शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर बसत होती.

“बुधवारी ‘रिस्ट्रिक्ट’ या शब्दाचा गठ्ठा गेला. सरांनी लिहिलेली एक्केचाळीस कार्डं. त्याच शब्दाची माझी तीन कार्डं तेवढी खोक्यात राहिली.”

“आणि म्हणून आळ तुमच्यावर?”

“म्हणून, आणि भांडणामुळे. सोमवारी याच शब्दावरून माझं सरांशी वाजलं. छापखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं.”

“एका शब्दावरून भांडण?” धनसिंगला राहवलं नाही.

सबीहा पहिल्यांदाच किंचित हसली. “भाऊ, सरांनी अर्थ दिला होता, बंदी घालणे. मी म्हटलं, बंदी म्हणजे ‘बॅन’. पुलावर ट्रक यायचाच नाही, तो ‘बॅन’. ट्रक येऊ दे, पण वीसच्या वर वेग नको, हे ‘रिस्ट्रिक्ट’. डॉक्टरांनी सरांचं मीठ रिस्ट्रिक्ट केलंय, म्हणजे बंद नाही केलं, चिमूटभर चालतं. काहीतरी मोकळं ठेवून बाकीला कुंपण घालायचं, तेव्हा हा शब्द. त्यात सरांचं उदाहरण होतं, वडिलांनी मुलीला घरात रिस्ट्रिक्ट केलं. मी म्हटलं, घरात कोंडलं तर तिथे ‘कन्फाइन’ हवं. सहाच्या आत घरी ये म्हटलं, तर रिस्ट्रिक्ट. आणि दर वेळी कुंपणात मुलगीच कशाला?”

“मग सर काय म्हणाले?”

“म्हणाले, मी हयात असेपर्यंत माझी कार्डं राहतील. दोन दिवसांनी ती नव्हती.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “सरांचा हात आता थरथरतो. एक्केचाळीस कार्डं पुन्हा लिहिणं त्यांना जमणार नाही. दुसरी प्रत कुठेही नाही. मुखपृष्ठ सोमवारी छापायला जातंय. त्यावर सरांच्या नावाखाली माझं नाव होतं. ते काढायला त्यांनी सांगितलंय.”

आज शनिवार होता.

“तुम्हाला नाव परत हवंय,” दिपमाला म्हणाल्या.

“हवंय. सहा वर्षं दिली आहेत मी. पण कार्डं मिळाली तरी पुरे. कोणी नेली ते मला नाही कळलं तरी चालेल.”

धनसिंगला हे फारच उदार वाटलं. त्याच्यावर कोणी असा आळ घेतला असता तर त्याने चोराचं नाव एसटी स्टँडच्या भोंग्यावरून पुकारलं असतं.

तिघं जळगावला निघाले. पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा लागला. मागच्या सीटवर सबीहाशेजारी बसलेल्या दिपमालाताईंनी सहज विचारावं तसं विचारलं, “सर कार्डं कशावर लिहितात?”

“रद्दीवर. एक बाजू कोरी असली की झालं. परीक्षेचे पेपर, लिलावाची पत्रकं, लग्नपत्रिका. एका शब्दाला एकाच जातीचा कागद, ही त्यांची शिस्त. मोठा शब्द असला की जाड कागदाची एकसारखी थप्पी मिळेपर्यंत थांबतात.”

“तुम्हाला तर सगळं तोंडपाठ असेल. ‘रिमेन’ कशावर आहे?”

“दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर.”

“‘रिझिस्ट’?”

“यावलच्या केळीच्या लिलावाची पत्रकं. हिरव्या शाईची.”

“आणि ‘रिस्ट्रिक्ट’?”

एरंडोलचा फाटा येईपर्यंत सबीहा बाहेर बघत राहिली. “आठवत नाही,” ती म्हणाली.

जळगावात छापखाना बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होता. राजस्थानातून आलेल्या एका जैन घराण्याने तीन पिढ्या चालवलेला. आता तो अखिल बघत असे. त्याची धाकटी बहीण चेलना संगणकावर जुळणी करी, आणि त्या दोघांना लहानाचं मोठं केलेल्या त्यांच्या आत्या सज्जनबाई बांधणीच्या टेबलावर असत. घरात त्यांना भुआ म्हणत. राहायचं घर मागच्याच दाराला लागून होतं. वरच्या मजल्यावरची एक खोली अखिलच्या वडिलांनी बारा वर्षांपूर्वी अमीनसरांना बसायला दिली होती, ती आजही सरांचीच होती.

सबीहा खाली बाकावरच थांबली. वर येण्याची तिला परवानगी नव्हती.

सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. खोलीभर फळ्यांवर बुटांची चौदा खोकी ओळीने मांडलेली, प्रत्येकावर एक-दोन इंग्रजी अक्षरं. “बुधवारी एक ते चार मी जेवायला आणि पडायला घरी गेलो,” ते म्हणाले. “सबीहा शाळेत असल्याचं सांगते. किल्ली जिन्यापाशी खिळ्यालाच असते. चारला आलो. तिचं म्हणणं पुन्हा एकदा पडताळून बघावं म्हणून हे खोकं काढलं. माझी कार्डं नाहीत, तिची आहेत. आता यात आणखी काय शोधायचं?”

“तिला विचारलंत तुम्ही?”

“कोणत्या तोंडाने विचारायचं, बाई? पोटच्या पोरीसारखी शिकवली.”

दिपमालांनी ‘आर’ लिहिलेलं खोकं टेबलावर घेतलं. गठ्ठे उभे लावलेले होते. जिथे रिकामी जागा होती तिथे तळाशी सोनेरी चमकी सांडली होती, बोटाला लागेल इतकी. रिकाम्या जागेत वहीच्या रेघी कागदाची सबीहाची तीन कार्डं. त्या जागेच्या अलीकडचे सगळे गठ्ठे पाठमोरे होते, शब्दाची बाजू मागे आणि रद्दीची बाजू पुढे. पलीकडचे ‘रिझल्ट’, ‘रिटेन’ वगैरे मात्र नीट, शब्द पुढे.

“हे असेच होते?”

“मी कधी गठ्ठा पाठमोरा लावत नाही. चोराने घाईत उलटेपालटे केले असतील. त्या दिवसापासून मी एकाही खोक्याला हात लावलेला नाही. मन होत नाही.”

“या गठ्ठ्याच्या पाठीमागे काय होतं?”

“रद्दी. खालच्या ढिगातून उचललेला चांगला जाड कागद होता, आठेक वर्षांपूर्वी. कापून अर्धा केला आणि लिहीत सुटलो. मी मागची बाजू वाचत नाही. रद्दी वाचत बसलो असतो तर अजून ‘ए’वरच असतो.”

धनसिंगचं लक्ष चमकीवर होतं. त्याने ती कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकली. पुरावा असा सहज हाती लागला की त्याला फार बरं वाटे.

खाली अखिल छपाईच्या यंत्रापाशी होता. तिशी ओलांडलेला, बोलायला घाईचा. बुधवारी दुपारी एक ते चार यंत्र चालू होतं, ते सोडून पाच मिनिटंही हलता येत नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं.

“मला त्या कोशाचा जाच होतो हे खरं,” तो म्हणाला. “सरांना म्हटलं, आठशे पानं कोण वाचणार, चारशेत बसवा. ऐकत नाहीत. पण कार्डं मला हवीच आहेत. पुढच्या महिन्यात धुळ्याच्या ग्रंथालयात प्रकाशन आहे, तिथे कार्डांचं प्रदर्शन मांडतोय. काचेच्या दोन तावदानांमध्ये, दोन्ही बाजूंनी दिसतील अशी. लोकांना मागचीच बाजू जास्त आवडणार.”

“कशावरून?”

“मंगळवारी नमुना म्हणून पहिल्या खोक्यातली थोडी कार्डं स्कॅन करून पडद्यावर लावली. एका शब्दामागे बोदवडच्या कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका निघाली, नवरदेवाच्या फोटोसकट. आम्ही पोट धरून हसलो. भुआ तेवढी चहा अर्धा ठेवून उठून गेली. तिला असल्या गमतीत रस नाही. बाकीची खोकी सोमवारपासून स्कॅनला घ्यायची आहेत.”

चेलना संगणकापुढे होती. तिच्या ओढणीला सोनेरी काठ होता आणि धनसिंगने तो लगेच टिपला.

“मी सरांच्या कार्डांवरून टाईप करते. ‘पी’पर्यंत आलेय,” ती म्हणाली. “बुधवारी दिवसभर ‘परमिट’ आणि ‘परस्यू’ करत होते. सबीहाने काही घेतलेलं नाही. ती घेणारच नाही.”

“इतकी खात्री?”

“कागद तिच्या हातात गेला की सुरक्षित असतो. मी तिला ओळखते.”

बोलता बोलता कळलं, पुढच्या महिन्यात तिची सगाई होती. मुलगा धुळ्याचा आणि मुलाचे वडील त्याच ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर. प्रकाशनाला दोन्ही घरं येणार होती. हे सांगताना ती लाजली नाही. लाजायचं वय मागे पडलं होतं, ती एकतीस वर्षांची होती.

मागच्या दालनात सज्जनबाई लग्नपत्रिकांना दोरे लावत बसल्या होत्या. साठी उलटलेली, पांढऱ्या साडीतली सडसडीत बाई. धनसिंगने दमून जवळच्या कागदांच्या थप्पीवर बूड टेकलं.

“त्याच्यावर बसू नका,” त्या म्हणाल्या. “छापील आहे. अक्षरावर बसत नाहीत. आमच्यात त्याला आशातना म्हणतात, ज्ञानाचा अपमान. फाटका कागद असला तरी त्यावर अक्षर आहे तोवर त्याला पाय लावायचा नाही, जाळायचा नाही.”

धनसिंग ताडकन उठला. चालत्या गाडीत तिकिटांच्या पेटीवर बसून आयुष्य गेलेला माणूस तो, त्याला उगाचच जुनी पापं आठवली.

“मग छापखान्याच्या रद्दीचं काय करता?” दिपमालांनी विचारलं.

“लगद्याला जाते. ते पाण्यात विरघळतं, त्याला इलाज नाही. पण पोथ्या, हाताने लिहिलेलं, ते कपाटात. ज्ञानपंचमीला पूजा करते.” मग त्याच सुरात पुढे म्हणाल्या, “मला शब्दाचं विचारायला आलात ना. मला इंग्रजीतलं ए कळत नाही की बी. त्या खोक्यांतला एक शब्द मला कोणी सोन्याच्या मोलाने मागितला तरी शोधता यायचा नाही. बुधवारी माझा एकासणा होता, एकदा जेवले आणि दुपारभर मागच्या खोलीत पडले.”

“पत्रिका मात्र तुम्हाला चांगल्या कळत असतील.”

सज्जनबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान दिसला. “या छापखान्यातली पत्रिका मला कोपऱ्यावरून दाखवा. कोणाचं लग्न, कोणतं साल, सांगते.”

जिना चढताना धनसिंगने आपला निकाल जाहीर केला. उत्साहात त्याच्या तोंडी अहिराणी येई. “ताई, पोरगी शे. चेलना. ओढणीची चमकी खोक्यात पडली. आणि कारणही शब्दातच शे. हिला घरात कुंपण. बाहेर जाऊ नको, अमक्याशी बोलू नको. रिस्ट्रिक्ट. तो शब्द बघून तिचं डोकं फिरलं असेल.”

“तुम्ही सगळेच त्या शब्दाच्या मागे लागलाय,” दिपमाला म्हणाल्या.

त्यांनी वर जाऊन सरांच्या परवानगीने आणखी तीन खोकी उघडली. पहिलं ‘ए’चं. त्यातले सगळे गठ्ठे पाठमोरे होते. मधलं ‘एम’चं. तेही पाठमोरे. शेवटून दुसरं ‘टी’चं उघडलं तर ते नीट, एकूण एक शब्द पुढे.

सर चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिले. “ही खोकी कोणी हलवली?”

“मना डोकामा काही घुसत नही,” धनसिंग म्हणाला. “बठ्ठं उलटंपालटं शे.”

“उलटं आहे, पण पालटं नाही,” दिपमाला म्हणाल्या. “चला, सगळ्यांना वर बोलवा. सबीहालाही.”



दुपारचे साडेचार वाजले होते. अखिल हात पुसत आला, चेलना आली, सज्जनबाई दारालगत उभ्या राहिल्या. सबीहा सर्वांत शेवटी आली आणि सरांकडे न बघता खिडकीपाशी थांबली.

“सबीहाने कार्डं नेली असं सरांना का वाटलं?” दिपमालांनी सुरुवात केली. “कारण सरांची गेली आणि तिची राहिली. पण तिला सरांचं म्हणणं काढून आपलं घालायचं असतं, तर ती असा ढळढळीत माग सोडेल का? मला तिथे वेगळंच दिसलं. शब्द एकच, पण चोराने त्याची सगळी कार्डं नेली नाहीत. सरांची नेली, ती रद्दीवर होती. सबीहाची ठेवली, ती कोऱ्या वहीच्या कागदावर होती. दोन्हीकडे शब्द तोच आहे. फरक आहे तो पाठीमागे.”

अखिलने भुवया उंचावल्या. “म्हणजे शब्दाशी संबंधच नाही?”

“शब्दाशी काडीचा नाही. चोराला शब्द वाचताही येत नव्हता. ज्याला इंग्रजी येतं तो खोक्यावरचं अक्षर बघून सरळ ‘आर’ काढील आणि दोन मिनिटांत खाली जाईल. हा माणूस ‘ए’पासून निघाला. एकेक गठ्ठा उचलायचा, उलटून पाठ बघायची, तसाच ठेवून द्यायचा. ‘ए’, ‘एम’, सगळीकडे हेच. ‘आर’मध्ये हवी ती पाठ सापडली आणि शोध तिथेच संपला. म्हणून त्याच्या पुढचे गठ्ठे सुलटे आहेत. या कामाला दोन-तीन तास लागले असणार. यंत्र सोडून अखिल तेवढा वेळ वर येऊ शकत नव्हता. ‘पी’पर्यंतची कार्डं चेलनाच्या हातून गेलेली आहेत आणि सबीहाला तर सगळा संचच पाठ आहे, त्या दोघींना ‘ए’पासून शोधायची गरज नव्हती.”

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. धनसिंगला मात्र उत्तर आपोआप दिसलं आणि ते दिसल्याबद्दल वाईट वाटलं. खोलीत इंग्रजी न वाचणारं माणूस एकच होतं.

“खोक्यातली चमकी ओढणीची नव्हे,” दिपमाला पुढे म्हणाल्या. “ती त्या गठ्ठ्याच्याच जागेवर, तळाशी साचली होती. वर्षानुवर्षं कार्डांवरून झडलेली. सोनेरी छपाई, जाड कागद, अर्धी कापून चाळीसेक कार्डं निघतील अशी एकसारखी थप्पी. ती लग्नपत्रिका होती, आणि कोणाला न वाटता रद्दीत गेलेली. मंगळवारी पडद्यावर एका पत्रिकेची पाठ दिसली तेव्हा सगळे हसले. एक माणूस उठून गेलं, कारण आठ वर्षांपूर्वी आपण टाकून दिलेली एक थप्पी सरांच्या खोलीत गेली असेल, हे त्याला त्या क्षणी सुचलं. सोमवारी सगळी खोकी स्कॅन होणार होती, आणि मग ती पत्रिका धुळ्यात काचेत लागली असती.”

सज्जनबाईंनी दाराची चौकट धरली होती.

“त्या पत्रिकेवर काय आहे ते मी सांगणार नाही,” दिपमाला म्हणाल्या. “तो माझा अधिकार नाही. कार्डं मात्र जिवंत आहेत. ज्या बाईंनी आमच्या धनसिंगला छापील कागदावर बसू दिलं नाही, त्या सरांच्या हातचं अक्षर जाळणार नाहीत की लगद्याला देणार नाहीत. तुमच्या पोथ्यांच्या कपाटात आहेत ना, सज्जनबाई?”

मग सज्जनबाई वळून खाली गेल्या. आल्या तेव्हा हातात लाल कापडात बांधलेलं एक बोचकं होतं. ते त्यांनी सरांच्या पुढ्यात ठेवलं.

“मोजून घ्या,” त्या म्हणाल्या. “एकही कमी नाही. या पोरीवर आळ येईल हे मला ठाऊक नव्हतं. आला तेव्हा तोंड उघडायचा धीर झाला नाही. माझ्या चेलनाचं लग्न दुसऱ्यांदा मोडलं असतं.”

“भुआ, पहिलं मोडलं नव्हतं. मी मोडलं होतं,” चेलना म्हणाली.

ती पुढे आली आणि तिने बोचक्यातलं वरचं कार्ड उलटलं. सोनेरी कलशाखाली तिचं अर्धं नाव होतं. बाकीचं कात्रीत गेलं होतं.

“जामनेरचा मुलगा होता,” ती सर्वांना ऐकू जाईल असं बोलली. “पत्रिका छापून झाल्या, पहिली देवापुढे ठेवायची होती. आदल्या दिवशी तो म्हणाला, लग्नानंतर छापखान्यात पाऊल टाकायचं नाही. मी नाही म्हटलं. एकही पत्रिका बाहेर गेली नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. आणि भुआ, धुळ्याच्यांना मी हे सांगितलंय. बघायला आले त्याच दिवशी. तू चहा करायला आत गेली होतीस.”

सज्जनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. “काय म्हणाले ते?”

“मुलाने विचारलं, आता कोणतं पुस्तक जुळवतेस. मी म्हटलं, कोश. मग तासभर कोशावरच बोललो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू त्या विषयावर बोलूच देत नाहीस. आठ वर्षं झाली.”

सज्जनबाई खाली बसल्या. चेलना त्यांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. रागावण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या हातांनीच तिला वाढवलं होतं, आणि राग तिला आला नाही.

धनसिंगला वाटलं, प्रकरण मिटलं. पण दिपमाला अजून उभ्याच होत्या.

“एक गोष्ट राहिली,” त्या म्हणाल्या. “सर, तुम्ही रद्दीची बाजू वाचत नाही. सबीहा वाचते. ‘रिमेन’मागे काय, ‘रिझिस्ट’मागे कोणत्या रंगाची शाई, तिला सगळं पाठ आहे. ‘रिस्ट्रिक्ट’चं विचारलं तेव्हा तिला आठवेना. सहा वर्षं रोज हाताळलेला गठ्ठा, एवढा जाड, एवढा चमकणारा.”

सबीहाने मान खाली घातली.

“तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. गठ्ठा गेल्याबरोबर कशासाठी गेला तेही कळलं असणार. पाठीमागे काय आहे, एवढं एक वाक्य ती तुम्हाला बोलली असती, तर आळ त्याच क्षणी खाली पडला असता. चेलनाची गोष्ट चेलनाने सांगायची, म्हणून ती गप्प बसली. माझ्यापर्यंत आली तीही चोर पकडायला नाही. कार्डं परत आली की पुरे, असं म्हणाली.”

चेलना सबीहाकडे बघत होती. “मला विचारायचंस तरी.”

“कसं विचारणार?” सबीहा म्हणाली. “विचारलं असतं तर मला माहीत आहे हे तुला कळलं असतं. मग तू माझ्यापुढे पहिल्यासारखी बसली नसतीस.”

सर उठले. त्यांना उठायला वेळ लागला आणि सबीहा सवयीने पुढे झाली, मग थांबली.

“मी तुला एक शब्दही विचारला नाही,” सर म्हणाले.

“नाही विचारलात, सर. त्याचंच जास्त लागलं. चोरीचं नाही तेवढं.”

“बेटा, माफ कर म्हणायला मला तोंड नाही.”

“मग म्हणू नका. लिहा.”

अखिलने खाली जाऊन मुखपृष्ठाचा नमुना आणला. सरांचं नाव वर होतं, खालची जागा मोकळी होती. सरांनी पेन घेतलं. हात थरथरत होता, म्हणून चेलनाने कागद धरायला हात पुढे केला, पण सरांनी मान हलवली. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि लिहायला सुरुवात केली. ‘स’ वेडावाकडा आला. ‘बी’ची वेलांटी ओळीच्या बाहेर गेली.

“हेच अक्षर छापा,” ते अखिलला म्हणाले. “टाईप करू नका.”

तीन अक्षरांचं ते नाव लिहायला त्यांना चार-पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ खोलीत सगळे उभे राहिले, सज्जनबाईसुद्धा.